दहा सेंटिमीटरची जागा

ओनुफ्री सुतार मंगळवारी दुपारी जेवता जेवता गेला. समोर मक्याच्या पिठाचा घट्ट कुलेशा होता, वर मेंढीचं चीज कुस्करलेलं होतं. त्याने एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि "आज मीठ..." एवढंच म्हणाला. मीठ जास्त झालं होतं की कमी, हे तेक्लाला आता कधीच कळणार नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची एक संधी सोडली नाही, आणि शेवटच्या वेळी मात्र बोलणं अर्धं टाकून निघून गेला. तिला रडू येण्याआधी राग आला तो याचाच.

शेजारच्या हाफियाच्या नवऱ्याने अंगणात उभं राहून लांबलचक लाकडी तुतारी फुंकली, तेव्हा दोन्ही डोंगरउतारांवरच्या घरांना बातमी कळली. बायका आल्या. त्यांनी आरशावर टॉवेल टाकला, घड्याळ थांबवलं, ओनुफ्रीला आंघोळ घालून कोरा भरतकामाचा सदरा चढवला आणि खिडकीखालच्या बाकावर निजवलं. कोलोमियाला लेकीकडे, ओरिस्याकडे, फोन गेला. ती गुरुवारच्या दुपारच्या बसने येते म्हणाली. तेक्लाने सगळ्यांना सगळं करू दिलं. फक्त भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला मापाचा टेप कुणीतरी कपाटात ठेवायला काढला, तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली की हाफियाच्या हातून पाण्याची बादली सुटली.

त्या टेपची हकिगत अशी.

अकरा वर्षांपूर्वी ओनुफ्रीच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं. फळी कुठे आहे, करवत कुठे आहे, हे त्याला दिसायचं. निम्मं तर हातांनाच दिसायचं. पण टेपवरच्या रेघा दिसेनात. सुताराला रेघा दिसत नाहीत म्हणजे काय ते काय सांगायचं! त्याने एका घराची खिडकी चार सेंटिमीटर अरुंद केली, भिंत वाकडी आहे म्हणून घरमालकाशीच भांडला, आणि घरी येऊन दिवसभर गोठ्यात बसून राहिला. संध्याकाळी तेक्ला तिथे गेली, त्याच्या खिशातून टेप काढून घेतला आणि म्हणाली, "शिकव मला."

"तुला? तुला भाकरीचे तुकडे सारखे करता येत नाहीत."

"तुकडे लहानमोठे मी मुद्दाम करते. मोठा तुला येतो, तो तुला दिसत नाही एवढंच. शिकव."

मग त्याने शिकवलं, आणि शिकवताना छळलंही. मोठे आकडे सेंटिमीटरचे. दोन आकड्यांच्या मधे दहा घरं, ते मिलिमीटर. मधली जरा लांब रेघ पाचाची, तिथपर्यंत उडी मारायची आणि मग पुढे मोजायचं, एकेक रेघ बोटाने मोजत बसायचं नाही, जपमाळ नाही ती. टेप सैल सोडायचा नाही आणि तिरका धरायचा नाही, कारण तिरक्या मापात लांबी फुगते. डोकं बरोबर रेघेच्या वर आणायचं, बाजूने वाचलं की एक रेघ इकडची तिकडे होते. खोक्याच्या आतलं माप घ्यायचं तर टेपची डबी एका बाजूला टेकवायची आणि डबीची स्वतःची लांबी वाचलेल्या आकड्यात मिळवायची. टोकाची आकडी थोडी पुढेमागे हलते, ती मोडकी म्हणून नव्हे, तशीच बनवलेली असते. बाहेरून माप घेताना ती ओढली जाते, आतून घेताना दाबली जाते, आणि तिच्या जाडीचा फरक आपोआप भरून निघतो.

"हे कुणाच्या डोक्यात आलं असेल?" तेक्लाने विचारलं होतं.

"ज्याची बायको चुका काढत असेल त्याच्या."

दोन वर्षांनी ती आकडीच तुटली. दगडावर आपटून टेपची पहिली दोन बोटं फाटून गेली. कोलोमियाहून नवा टेप आणता आला असता, पण ओनुफ्रीला त्या डबीचं वजन हाताला सवयीचं झालं होतं. मग त्याने तिला जुन्या सुतारांची रीत दाखवली: टेपची सुरुवात सोडून द्यायची, दहाची रेघ फळीच्या कडेला लावायची, आणि जो आकडा येईल त्यातून दहा वजा करायचे. "पहिले दहा टेपचे, बाकीचे आपले," असं तो म्हणायचा. पहिल्याच आठवड्यात ती वजा करायला विसरली आणि शाळेच्या वर्गाची चौकट दहा सेंटिमीटर रुंद झाली. ओनुफ्रीने मास्तरांसमोर सगळा दोष स्वतःवर घेतला आणि वाटेत तिला एवढंच म्हणाला, "पोरं जाड झाली तर उपयोगी पडेल." त्यानंतर नऊ वर्षांत ती एकदाही विसरली नाही. ती माप वाचायची, पुटपुटायची, "पहिले दहा टेपचे," आणि हळूच खरा आकडा सांगायची. तो मोठ्याने तोच आकडा म्हणायचा, जणू त्यानेच वाचला. सगळ्या गावाला हे माहीत होतं. गावाला माहीत आहे, हे एकट्या ओनुफ्रीला माहीत नव्हतं. आमच्या गावात एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्यात कुणी कमी नाही, पण ही एक गोष्ट कुणी त्याच्या तोंडावर काढली नाही.

दारं, खिडक्या, पाळणे आणि मयतांच्या पेट्या. गेल्या अकरा वर्षांत गावात जो जो मेला, त्याचं शेवटचं माप तेक्लाने वाचलं होतं.

बुधवारी सकाळी प्रोकिप आला. पलीकडच्या गावचा सुतार, ओनुफ्रीएवढाच म्हातारा, आणि ओरिस्याचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. त्या नात्याने तो तेक्लाला कुमा म्हणे आणि ती त्याला कूम. घरच्या माणसाने घरच्या मयताची पेटी करायची नसते, म्हणून काम त्याच्याकडे गेलं होतं. फळ्या ओनुफ्रीच्याच होत्या, स्प्रूसच्या. स्वतःसाठी म्हणून त्याने त्या माळ्यावर सहा वर्षं वाळवत ठेवल्या होत्या आणि दर उन्हाळ्यात त्या उलट्यापालट्या करून यायचा.

प्रोकिपने हेझलची एक सरळ काठी तासून आणली होती. जुनी पद्धत तीच. काठी मयताच्या शेजारी ठेवायची, टाचेशी तोडायची, तिच्यावरून पेटी बेतायची आणि शेवटी काठी पेटीतच ठेवायची.

"काठी ठेव बाहेर," तेक्ला म्हणाली. "त्याला काठी म्हणजे अडाण्याचं काम वाटायचं. टेपने घेऊ."

"बरं. मी धरतो, तू वाच."

"मीच धरते आणि मीच वाचते. तू दारात थांब."

दारात हाफिया होती. ती हळूच म्हणाली की बायकोने नवऱ्याचं माप घेणं काही बरं नव्हे. "अकरा वर्षं तुमच्या सगळ्यांच्या माणसांचं घेतलं तेव्हा बरं होतं का?" तेक्लाने विचारलं. हाफियाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड झाकलं आणि बाजूला झाली.

खरं सांगायचं तर तेक्लाने काय करायचं ते आदल्या संध्याकाळीच ठरवलं होतं. पेटी मापापेक्षा लांब झाली तर मेलेला माणूस त्या मोकळ्या जागेत घरातल्या कुणालातरी बोलावून घेतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर पेटीच्या मापाला एवढं जपतात. खरंखोटं देव जाणे. पण तेक्लाचा त्यावर विश्वास होता, जसा उद्या दिवस उजाडेल यावर आपला असतो. अकरा वर्षं ती एका माणसाचे डोळे होऊन राहिली. सकाळी उठल्यावर आभाळ कसं आहे, कोंबड्या किती, रस्त्याने कोण चाललंय, सगळं त्याला सांगायचं. आता तेच डोळे घेऊन ती कुणासाठी उठणार होती? तिला आजार नव्हता, गुडघे ठणठणीत होते, तिची आई ब्याण्णव वर्षं जगली होती. एवढा लांब रस्ता तिला एकटीने चालायचा नव्हता.

तिने दहाची रेघ ओनुफ्रीच्या डोक्याशी लावली आणि टेपला चापट मारून तो सरळ केला, ओनुफ्री करायचा तसाच. मग टाचेशी वाकून, डोकं बरोबर वर आणून वाचलं. टेपवर एकशे एक्याऐंशी होतं. पहिले दहा टेपचे. म्हणजे ओनुफ्री एकशे एकाहत्तर.

"एकशे एक्याऐंशी," ती मोठ्याने म्हणाली.

प्रोकिपने पेन्सिल कानामागून काढली आणि थबकला. "एवढा? माझ्या भुवईला लागायचा ओनुफ्री."

"मेल्यावर माणूस ताणला जातो."

"ताणला जातो, पण एवढा?" मग त्याने खांदे उडवले. तेक्लाचा आकडा कुणी तपासत नसे. त्याने तो फळीवर लिहिला, रिवाजाप्रमाणे उशापायथ्याला मिळून दहा वर धरले, आणि फळ्या गाडीवर घालून गेला.

गुरुवारी दुपारी पेटी आली. अंगणात दोन स्टुलांवर ठेवली. काम नेटकं होतं, कोपरे असे जुळवले होते की नखही जाणार नाही. बायका मधात घातलेले उकडलेले गहू ढवळत होत्या, त्या एकेक करून बघायला आल्या आणि एकेक करून गप्प झाल्या. शेवटी हाफियाच बोलली, कारण गप्प राहणं तिच्या स्वभावात नाही.

"अगं बाई, ही केवढी! यात ओनुफ्री झोपेल आणि पायाशी मेंढी बसेल."

"मी दहा वजा करायला विसरले," तेक्ला म्हणाली. आवाज सपाट होता. "टेप तुटका आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला. डोकं ठिकाणावर नव्हतं."

बायकांनी चुकचुक केली. कुणी म्हणालं लाकडाची सालपटं जास्त भरा, कुणी म्हणालं पायाशी त्याची मेंढीच्या कातड्याची बंडी ठेवा, जागा भरली की झालं. तिला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवले. बिचारीवर आभाळ कोसळलंय, आकडा चुकणारच. तेक्लाने मान खाली घातली. तिला लाज वाटत होती, पण आकडा चुकल्याची नव्हे. या बायका खोट्या गोष्टीवर खरी माया करत होत्या.

प्रोकिप मात्र चुकचुकला नाही. तो घरात गेला, खिशातला स्वतःचा टेप बाकावरच्या ओनुफ्रीशेजारी धरला आणि बाहेर येऊन तेक्लाला लाकडाच्या छपराखाली बोलावलं.

"एकशे एकाहत्तर," तो म्हणाला.

"सांगितलं ना, विसरले."

"कुमा, मी म्हातारा झालोय, खुळा नाही झालो. शाळेच्या चौकटीनंतर तू विसरलीस असं कधी झालं? माझ्या आईच्या पेटीचा आकडा तूच वाचलास, तेव्हा तुला ताप होता. विसरलीस?"

तेक्लाने ढिगातलं एक लाकूड उचलून दुसरीकडे ठेवलं.

"कुणासाठी ठेवलीस ती जागा?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय? खिळे मी ठोकलेत त्याला!" प्रोकिपचा आवाज चढला आणि त्याने तो पुन्हा खाली आणला. "ती जागा नाव विचारून बोलावत नाही, तेक्ला. घरातलं कुणीही चालतं तिला."

"घरात आहे कोण दुसरं? मी आणि कोंबड्या. लेक लग्न करून गेली, ती तिच्या घरच्यांत मोजायची. मी सगळा विचार केलाय."

"मोठी विचार करणारी! आणि त्याला विचारलंस? त्याला चालेल, तू अशी मागोमाग आलेली?"

"तो मला न विचारता गेला," तेक्ला म्हणाली, आणि मंगळवारपासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "वाक्यसुद्धा पुरं केलं नाही मेल्याने. कूम, मी सकाळी उठले आणि खिडकीशी जाऊन म्हटलं, धुकं आहे आज, समोरचा डोंगर दिसत नाही. मोठ्याने म्हटलं. मग वळून बघितलं तर तो बाकावर. कुणाला सांगू मी आता धुकं आहे म्हणून?"

प्रोकिपने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याची स्वतःची बायको जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

"पाद्री पाचला येणार," तो म्हणाला. "एकदा त्याला आत ठेवलं की मग मी लाकडाला हात लावणार नाही, कुणी लावत नाही. तोवर करवत गाडीत आहे. मी कुठे जात नाही."

"थांब नाहीतर जा."

तो थांबला. गाडीच्या चाकाला टेकून विडी ओढत बसला.

तीनच्या बसने ओरिस्या आली. चाळिशीला आलेली, शाळेत शिकवणारी, बापाच्या वळणावर गेलेली बाई. नवरा मार्यान दोन वर्षं पोर्तुगालला बांधकामावर होता, उन्हाळ्यात महिनाभर येऊन गेला होता. हाफियाचा नवरा तिची बॅग वाहून आणत होता, आणि तीन दिवसांसाठी आलेल्या माणसाची म्हणून ती बॅग भलतीच मोठी होती.

तेक्ला तिला अंगणाच्या फाटकाशी भेटली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग तेक्ला म्हणाली, "चल आत, बाबांना बघ. छान दिसतोय. दाढी मी केली."

ओरिस्या उंबरठ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. तिने चेहरा दाराच्या चौकटीकडे वळवला आणि बाकाकडे न बघता क्रुसाची खूण केली. आतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकुलती एक लेक, आणि बापाचं तोंड बघत नाही?

"अगं, जा ना जवळ," तेक्लाने तिचा हात धरून ओढला. कोटाची बाही वर सरकली. मनगटाला लाल लोकरीचा धागा बांधलेला होता.

मयताच्या घरी लाल धागा कोण बांधतं हे तेक्लाला कुणी सांगायला नको होतं. मयताचं तोंड कोण बघत नाही, तेही. तिने धाग्यावरून बोट फिरवलं.

"किती?"

"पाचवा लागलाय," ओरिस्या कुजबुजली. "आई, रागावू नकोस. आधीच्या दोन वेळी सगळ्यांना सांगितलं आणि मग सगळ्यांनाच सांगत बसावं लागलं की राहिलं नाही. या वेळी म्हटलं पाचवा लागेपर्यंत कुणाला नाही. बाबांना मी येत्या रविवारी येऊन सांगणार होते. त्यांच्याकडून पाळणा..."

"बॅग कसली आहे?"

"डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. जिना चढायचा नाही, बादली उचलायची नाही. शाळेतून रजा घेतलीये. मार्यान वसंताशिवाय येत नाही. तिथे मी एकटी, वरच्या मजल्यावर." ती लहानपणी बोलायची तशी भरभर बोलत होती. "मी इथे राहू का आई, बाळंतपणापर्यंत? माझी सगळी कागदपत्रं आणलीत. राहू ना?"

तेक्लाने तिच्याकडे बघितलं, मग उघड्या दारातून अंगणातल्या दोन स्टुलांकडे बघितलं. तिला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. ओनुफ्री गेला तेव्हाही नाही. ती जागा तिने स्वतःच्या तोंडाने मागून घेतली होती, स्वतःच्या मापाने करून घेतली होती. आणि आता या घरात ती एकटी नव्हती. एकाचे तीन झाले होते. तिसऱ्याला तर अजून नावही नव्हतं.

"हे तुझंच घर आहे," ती म्हणाली. "तू आतल्या खोलीत जाऊन पड. पडदा ओढ. आणि काहीही ऐकू आलं तरी बाहेर येऊ नकोस."

"काय ऐकू येणार आहे?"

"सुतारकाम."

तिने भिंतीवरचा टेप काढला आणि अंगणात गेली. प्रोकिप चाकाशी उठून उभा राहिला. त्याने तिचा चेहरा पाहिला, आणि काही न विचारता गाडीतून करवत काढली.

"कूम, कापायचंय."

"बाई गं!" हाफिया धावत आली. "मयताच्या दारात आलेली पेटी कापतात का कुठे? बंडी ठेवू, सालपटं भरू म्हणत होतो ना आपण!"

"बंडीने भागणार नाही. दहा जास्त आहेत, दहाच काढायचे." तेक्ला बायकांकडे वळली. सगळ्या काम टाकून बघत होत्या. "माझी चूक आहे. त्याची नव्हे, प्रोकिपची नव्हे. अकरा वर्षं मीच मापं वाचत होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता ओनुफ्रीला ऐकू जात नाही, तेव्हा मोठ्याने बोलायला हरकत नाही. मी चुकले. कुणाच्या दाराखिडकीचं माप माझ्याकडून घ्यायचं नसेल तर घेऊ नका."

एक म्हातारी मान हलवून पुटपुटली की तेक्लाचीही नजर गेली वाटतं. तेक्लाने ते ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं.

प्रोकिपने पायाकडची फळी सोडवली. तेक्लाने प्रत्येक फळीवर दहाची रेघ कडेला धरली आणि विसाच्या रेघेवर पेन्सिलीने खूण केली. कोपर तिने फळीला घट्ट टेकवलं होतं. दोन्ही बाजूच्या फळ्या, तळ, झाकण. प्रत्येक खूण तिने दोनदा वाचली. मग गुण्या लावून रेघा ओढल्या. प्रोकिपने करवत लावली.

लाकूड सहा वर्षं वाळलेलं होतं, करवत गात गात चालली होती. तेक्ला फळीचं टोक दोन्ही हातांनी धरून उभी होती. भुसा तिच्या काळ्या स्कर्टवर, बुटांवर पडत होता. ती जागा किती छोटी होती! वीतभरसुद्धा नव्हती. पण दोन रात्री तिने त्या जागेच्या भरवशावर काढल्या होत्या. डोळे मिटले की तीच दिसायची, ओनुफ्रीच्या टाचांशी, तयार. आता करवतीच्या प्रत्येक फेरीबरोबर ती कमी होत होती, आणि फळी पडू नये म्हणून तेक्लाच घट्ट धरून होती. चौथा तुकडा खाली पडला तेव्हा तिला एवढं एकटं वाटलं की तिने प्रोकिपचा दंड धरला.

"झालं," तो म्हणाला. "झालं, कुमा."

"मोज."

"मोजलंय."

"पुन्हा मोज. तुझ्या टेपने. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

त्याने आतून मोजलं, डबीची लांबी मिळवली, आणि सांगितलं: ओनुफ्रीचे एकशे एकाहत्तर आणि रिवाजाचे दहा, एकशे एक्याऐंशी. तिने स्वतःच्या टेपनेही मोजलं, दहा वजा केले, आकडा तोच आला. मग प्रोकिपने पायाकडची फळी पुन्हा बसवली आणि खिळे मारले. कापलेले तुकडे चुलीत घालायचे नसतात, म्हणून त्याने ते सालपटांबरोबर उशीखाली ठेवले.

पाचला पाद्री आला. प्रार्थना झाली. चार पुरुषांनी ओनुफ्रीला उचलून पेटीत ठेवलं. डोकं उशीवर नीट आलं, पायांपुढे चार बोटं राहिली, जेवढी राहायला हवीत तेवढीच. हाफियाने वाकून बघितलं आणि समाधानाने क्रुसाची खूण केली. आतल्या खोलीच्या पडद्यामागून ओरिस्याच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि दोन बायका तिला समजावत होत्या की आता पोटातल्याकडे बघ.

तेक्ला पेटीच्या उशाशी गेली. तिने ओनुफ्रीच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली, दाढी करताना राहून गेलेला हनुवटीखालचा एक पांढरा केस बोटाने चाचपला. तिला त्याच्यावर अजून राग होता आणि तो फार आवडतही होता. तिला त्याच्यासोबत जायचं होतं. ती त्याच्या कानाशी वाकली.

"म्हाताऱ्या, मला यायला उशीर होईल," ती म्हणाली. "वाट बघू नकोस."